‘सॉरी’ या शब्दातलं दुखणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा गेले म्हणून तुम्ही रजेवर होतात. इंग्लंडमधल्या लीड्सच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचा मेल आला: ‘आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस.’ तुम्ही उत्तर दिलंत: ‘इट्स ओके, इट वॉज नॉट युअर फॉल्ट.’ मग मैत्रिणीनं सांगितलं की हे उत्तर चुकलं, आणि तेव्हापासून तुम्हाला अवघडल्यासारखं झालं आहे. तुम्ही विचारता, सॉरी म्हणजे माफी ना? मग ज्याचा काही संबंध नाही त्यानं ती का मागावी? हा शब्द ‘सॉरो’वरून आला आहे का? आणि मराठीत त्याला नेमका शब्द कोणता?

आधी, आजोबांचं वाचून वाईट वाटलं. आणि हे वाक्य मी आत्ता जसं लिहिलं, तसंच तुमच्या सहकाऱ्यानं इंग्रजीत लिहिलं होतं. माफीचा त्यात अंशही नव्हता.

मी २८ वर्षं इंग्रजी-मराठी अनुवाद करते आहे. कोर्टाची कागदपत्रं, दवाखान्यांची पत्रं, संमतिपत्रं, कंपन्यांचे ग्राहकांना जाणारे निरोप. कामाच्या सुरुवातीला मला अवघड वाटायचे ते लॅटिन वळणाचे लांबलचक कायद्याचे शब्द. आता वाटत नाहीत. त्यांना कोशात ठरलेला प्रतिशब्द असतो. मला आजही थांबवतात ते ‘सॉरी’सारखे लहान मुलाला येणारे शब्द.

सुरुवात व्युत्पत्तीपासून करते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘सार’ असा शब्द होता. त्याचा अर्थ वेदना, जखम, दुखरं. तोच आज ‘सोअर’ झाला आहे. घसा दुखतो तेव्हा आपण ‘सोअर थ्रोट’ म्हणतो तो. या ‘सार’ला विशेषणाचा प्रत्यय लागून ‘सारिग’ तयार झालं, म्हणजे ज्याचं मन दुखतं आहे असा. तेच आपलं सॉरी. त्या काळचा दीर्घ आ पुढं ओकाराकडे झुकला. ‘हाम’चं ‘होम’ झालं, ‘स्टान’चं ‘स्टोन’ झालं, ‘हालिग’चं ‘होली’ झालं. ‘होली’त तर शेवटच्या ‘इग’चीही सॉरीसारखीच ‘ई’ झाली आहे. फरक इतकाच की सॉरीतला स्वर नंतर आखूड झाला आणि त्यामुळे सॉरी आणि सोअर ही सख्खी भावंडं कानाला परकी वाटू लागली.

‘सॉरो’ मात्र वेगळ्या घरातला. त्याचं मूळ ‘सोर्ग’, म्हणजे चिंता, शोक. जर्मनमध्ये ‘झोर्गं’ म्हणजे आजही काळजी. सॉरी आणि सॉरो अर्थानं शेजारी राहिले, एकमेकांच्या सावलीत वाढले, सॉरीचं रूप ठरण्यात सॉरोच्या ओढीचाही हात असावा असं अभ्यासक मानतात. पण जन्मानं ते एक नाहीत. बहुतेकांना ते एकच वाटतात, इंग्रजांनाही.

एक आडवाट घेते, कारण मला ती फार आवडते. ‘सार’चा जर्मन भाऊबंद ‘झेअर’, आणि आज जर्मनमध्ये त्याचा अर्थ नुसता ‘फार’ एवढाच. झेअर गुट म्हणजे फार छान. वेदनेचा शब्द ‘खूप’ या अर्थापर्यंत कसा गेला? तर आपण ‘भयंकर आवडलं’ म्हणतो तसा. त्यात भय उरलेलं नाही, नुसता जोर उरला आहे. १६११च्या इंग्रजी बायबलमधले मेंढपाळ ‘सोअर अफ्रेड’ होतात तेही याच वाटेनं, म्हणजे भयंकर घाबरतात.

तर सॉरी या शब्दाचा पाया ‘मला दुखतंय’ हा आहे. तुमच्या सहकाऱ्यानं तो त्याच मूळ अर्थानं वापरला. माफीचा अर्थ त्यावर नंतर चढला, आणि कसा चढला तेही उघड आहे. माझ्या हातून तुमचं काही बिघडलं आणि मी म्हटलं, ‘मला याचं दुःख आहे’, तर ऐकणाऱ्यानं त्यातून कबुली उचलली. असं शतकानुशतकं होत गेलं. ‘आय ॲम’ गाळून नुसतं ‘सॉरी’ म्हणून मोकळं व्हायची सवय तर एकोणिसाव्या शतकातली, म्हणजे शब्दाच्या वयाच्या मानानं अगदी अलीकडची. आपल्याकडे शब्द पोचला तो या शेवटच्या, आखूड रूपात. आपण शेंडा घेतला, बुंधा तिकडेच राहिला. म्हणून तुमच्या मनात सॉरी म्हणजे माफी हे समीकरण पक्कं झालं. त्यात तुमची काही चूक नाही.

आता वापराकडे. नुसता अर्थ पाठ करण्यापेक्षा सॉरीच्या पुढंमागं काय आलं आहे ते बघायची सवय लावा. हा शब्द नामाच्या आधी आला तर तो भावना सांगत नाही, अवस्था सांगतो. ‘अ सॉरी स्टेट’ म्हणजे दयनीय अवस्था, ‘अ सॉरी एक्स्क्यूज’ म्हणजे केविलवाणी सबब. हा अर्थ माफीच्या अर्थापेक्षा कितीतरी जुना आहे, तेराव्या शतकापासून सापडतो. ‘सॉरी फॉर’नंतर माणूस आला तर कीव: ‘आय फील सॉरी फॉर हिम’, मला त्याची दया येते. ‘सॉरी फॉर’नंतर स्वतःची कृती आली तर माफी: ‘सॉरी फॉर शाउटिंग’. ‘सॉरी फॉर’नंतर दुसऱ्याचं दुःख आलं तर सांत्वन, म्हणजे तुमचा मेल. ‘सॉरी टू’नंतर क्रियापद आलं की पुन्हा फाटे फुटतात. ‘सॉरी टू हिअर’ म्हणजे ऐकून वाईट वाटलं, आणि ‘सॉरी टू बॉदर यू’ म्हणजे जरा त्रास देते. आवाज वर चढवून ‘सॉरी?’ म्हटलं तर ‘काय म्हणालात?’ ‘यू विल बी सॉरी’ ही तर सरळ धमकी, पस्तावशील.

‘सॉरी इफ’ला वेगळं काढते, कारण त्याचा मला मनापासून राग येतो. ‘आय ॲम सॉरी इफ यू वेअर हर्ट’, तुम्ही दुखावला असाल तर. इथं ‘जर’ घातला की कृती बाजूला राहते आणि समोरच्याच्या दुखावण्यावरच शंका येते. मराठीत हेच वाक्य ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो’ या साच्यात रोज वाचायला मिळतं. अनुवाद करताना हा ‘जर’ कधीही गाळू नका. लिहिणाऱ्यानं तो मुद्दाम घातलेला असतो आणि वाचणाऱ्याला तो दिसायला हवा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. मराठीत सॉरीला एक शब्द नाही, आणि मी याला मराठीची उणीव मानत नाही. आपले शब्द एकेक करून उघडून बघा. ‘माफ’ अरबीतून फारसीमार्गे आला; अर्थ मोकळा केलेला, सूट मिळालेला. फी माफ, कर्जमाफी, सारामाफी, सगळीकडे तोच. म्हणजे ‘माफ करा’ म्हणणारा स्वतःची चूक कर्जासारखी मांडतो: माझ्याकडे तुमचं काही निघतं, ते सोडून द्या. ‘क्षमा’चा धातू सोसण्याचा. पृथ्वीला क्षमा म्हणतात, ती सगळं सोसते म्हणून. ‘क्षमस्व’ हे आज्ञार्थाचं रूप आहे, ‘तू सोस’. रस्ता खणून ठेवलेल्या ठिकाणी ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ अशी पाटी असते, ती अक्षरशः आपल्याला सोसायलाच सांगत असते. दोन्ही शब्द समोरच्याकडे काहीतरी मागतात.

इंग्रजी सॉरी काही मागत नाही. ते विशेषण आहे, बोलणाऱ्याची आतली स्थिती सांगून थांबतं. म्हणून ‘आय ॲम सॉरी’ला ‘इट्स ओके’ म्हणा किंवा म्हणू नका, वाक्य पूर्ण असतं. ‘मला माफ करा’ मात्र उत्तराची वाट बघत उभं राहतं.

आणि ‘दिलगीर’? फारसीत ‘गीर’ म्हणजे धरणारा, पकडणारा. ज्याचं मन धरून आलं आहे तो दिलगीर, खिन्न, कष्टी. जुन्या मराठीत ‘दिलगीर जाले’ म्हणजे दुःखी झाले. तिथं माफीचा प्रश्नच नसतो. नंतर तोच शब्द ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत’पर्यंत आला. म्हणजे दुखऱ्या मनापासून कबुलीच्या उंबरठ्यापर्यंत, सॉरीनं चालली तीच वाट. सॉरीच्या सर्वांत जवळचा मराठी शब्द मला विचाराल तर हा. गंमत बघा, आपल्या राजकारणात ‘दिलगिरी व्यक्त करतो’ आणि ‘माफी मागतो’ यांतला फरक सगळ्यांना चोख कळतो. विरोधक म्हणतात दिलगिरी नको, माफी हवी. त्या भांडणात आपले लोक शब्दाचा इतिहास न वाचता बरोबर ओळखत असतात की दिलगिरी माझ्या मनाबद्दल आहे आणि माफी तुमच्या हक्काबद्दल.

याउलट माफीसाठीचा इंग्रजी शब्द ‘अपॉलॉजी’ अगदी विरुद्ध टोकावरून आला. ग्रीकमध्ये ‘अपोलोगिआ’ म्हणजे आरोपीनं केलेलं बचावाचं भाषण. इसवी सन पूर्व ३९९मध्ये अथेन्सच्या न्यायसभेपुढं सॉक्रेटिस बोलला ते अपोलोगिआ होतं, आणि त्यात त्यानं कशाचीही माफी मागितली नाही. इंग्रजीतही सोळाव्या शतकात हा शब्द बचाव याच अर्थानं शिरला.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं, पण पटलं ते एका पत्रामुळं. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाचं पत्र मराठीत करायला आलं होतं. पत्र एका वयस्कर मराठी बाईंना जाणार होतं. त्यांचे यजमान तिथं उपचार चालू असताना गेले होते. दीड पानाच्या पत्रात ‘सॉरी’ चार वेळा होता. आम्हाला तुमच्या नुकसानीबद्दल सॉरी. औषधाचा दुसरा डोस उशिरा दिला गेला याबद्दल सॉरी. हे पत्र लिहायला उशीर झाला त्याबद्दल सॉरी. आणि सांगायला सॉरी, की त्या रात्रीच्या नोंदी अपुऱ्या आहेत. मी चारही ठिकाणी ‘दिलगीर आहोत’ लिहिलं. शब्द एक तर प्रतिशब्द एक, सुसंगती राखली पाहिजे, असं तेव्हा माझं मत होतं.

तपासणाऱ्या बाईंनी पान परत पाठवलं. चारही शब्दांभोवती लाल गोल, आणि समासात एक ओळ: ‘माणूस गेला आणि पत्र लांबलं, दोन्हीला दिलगीर? त्या बाईंना काय वाटेल?’ ती ओळ वाचून मी खुर्चीत तशीच बसून राहिले. मी भाषा बघत होते आणि जिच्यासाठी लिहायचं ती माणूसच विसरले होते.

दुसऱ्या खर्ड्यात पहिलं वाक्य झालं, ‘तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ तिसरं, ‘हे पत्र पाठवायला उशीर झाला, क्षमा असावी.’ चौथं, ‘सांगायला वाईट वाटतं, पण त्या रात्रीच्या नोंदी पूर्ण नाहीत.’ दुसऱ्यावर मात्र दोन दिवस गेले. डोस उशिरा दिला ही रुग्णालयाची कृती. तिथं ‘माफी मागतो’ लिहावं का?

यामागं कायदा आहे, आणि तिकडच्या दवाखान्याची पत्रं हाताळणाऱ्यानं तो जाणून घ्यावा. इंग्लंडमध्ये २०१४ पासून ‘ड्युटी ऑफ कँडर’ हा नियम आहे: उपचारात गंभीर चूक किंवा अपघात झाला तर सरकारी आरोग्यसेवेनं रुग्णाला किंवा नातेवाइकांना ते मोकळेपणानं सांगायचं आणि अपॉलॉजी द्यायची. त्याच नियमात अपॉलॉजीची व्याख्या दिली आहे, दुःख किंवा खेद व्यक्त करणं. शिवाय इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६चा ‘कॉम्पेन्सेशन ॲक्ट’ सांगतो की अपॉलॉजी दिली एवढ्यावरून निष्काळजीपणा कबूल केला असं होत नाही. म्हणजे कायद्यानं शब्दाला पुन्हा त्याच्या जुन्या अर्थावर नेऊन ठेवलं, ‘मला दुःख आहे’ इथं. डॉक्टरांनी वकिलांच्या भीतीनं तोंड मिटून बसू नये हा त्यामागचा हेतू, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

पण ‘माफी मागतो’ म्हटलं की मराठी कानाला गुन्ह्याची कबुली ऐकू येते. ‘माफीचा साक्षीदार’ आपल्या कानात बसलेला आहे. म्हणून मी रुग्णालयाकडून विचारून घेतलं: या सॉरीत चूक मान्य आहे का? उत्तर आलं, पत्रातच पुढं ‘हे व्हायला नको होतं’ असं लिहिलं आहे, तर हो. मग लिहिलं, ‘दुसरा डोस तुमच्या यजमानांना उशिरा दिला गेला. हे व्हायला नको होतं. त्याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो.’ तेव्हापासून माझा नियम आहे: सॉरीत जबाबदारी आहे की नाही हे वाक्यावरून कळत नसेल तर लिहिणाऱ्याला विचारायचं, आपल्या मनानं ठरवायचं नाही.

हा फरक कधी कधी देशांच्या पातळीवर जातो. १ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान दक्षिण चिनी समुद्रावर एकमेकांवर आदळले. चिनी वैमानिक मरण पावला. अमेरिकी विमान हाइनान बेटावर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात गेले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला ती द्यायची नव्हती. शेवटी ११ एप्रिलला अमेरिकी राजदूतानं पत्र दिलं. त्यात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा होतं: वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, आणि तोंडी परवानगीशिवाय विमान चीनच्या हद्दीत शिरून उतरलं त्याबद्दल. ‘अपॉलॉजी’ हा शब्द कुठंच नव्हता. चीननं आपल्या लोकांना ते चिनीत सांगताना माफीकडे झुकणारा शब्दप्रयोग निवडला. अमेरिका म्हणाली आम्ही माफी मागितली नाही, चीन म्हणालं मागितली, आणि दोघंही शब्दाला धरूनच बोलत होते. माणसं घरी गेली. अनुवादकाच्या टेबलावर पडलेल्या शब्दाचं वजन किती असतं हे मला कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

ऑस्ट्रेलियात हा शब्द आणखी खोल गेला आहे. तिथल्या आदिवासी समाजाची मुलं सरकारनं दशकानुदशकं आईबापांपासून तोडून नेली. १९९७ साली चौकशीचा अहवाल आला, आणि १९९८ पासून २६ मे हा ‘सॉरी डे’ पाळला जातो. सरकारनं मात्र सॉरी म्हणायला नकार दिला. १९९९च्या संसदेच्या ठरावात ‘रिग्रेट’ होता, खेद. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभं राहून सॉरी म्हटलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. ते ऐकायला आलेली म्हातारी माणसं रडत होती. आता यातली गोष्ट अशी, की त्या समाजाच्या इंग्रजीत ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे माणूस गेल्यावरचं सुतक, शोकाचे विधी. म्हणजे त्यांच्या कानाला सॉरी हा आधी शोकाचा शब्द आहे. त्यांना हवी होती ती नुसती कबुली नव्हती, हरवलेल्या मुलांसाठी सरकारनं त्यांच्या शोकात येऊन बसावं हेही त्यात होतं. हजार वर्षांपूर्वीचा ‘सारिग’ तिथं जिवंत राहिला आहे.

आणि शोकात येऊन बसणं हे आपल्याला काही नवं नाही. कोणी गेलं की आपण ‘भेटायला’ जातो. चपला दाराबाहेर काढतो, आत जाऊन भिंतीला टेकून बसतो, ‘फार वाईट झालं’ म्हणतो, बहुतेक वेळ गप्पच असतो. तुमच्या आजोबांच्या वेळी आलेल्या शेजाऱ्यांतल्या कोणी ‘सॉरी’ म्हटलं नसणार. म्हणून तो इंग्रजी मेल तुम्हाला परका वाटला. पण तो सहकारी त्याच्या भाषेत तुमच्या दारात चपला काढून आला होता.

मराठी बोलताना सॉरी म्हणावं की नाही, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. खुशाल म्हणा. धक्का लागला, फोन चुकीचा लागला, पोचायला दहा मिनिटं उशीर झाला, तिथं ‘सॉरी हं’ आता मराठीच आहे. पण एसटीत चुकून कोणाला पाय लागला की आपला हात आपोआप त्या माणसाला स्पर्श करून कपाळाकडे किंवा छातीकडे जातो, तोंडातून शब्द निघायच्या आधी. मुलांना सॉरी शिकवताना तो हातही शिकवत राहा असं मला वाटतं. आणि जिथं खरंच दुखावलं आहे तिथं ‘माझं चुकलं’ म्हणा. त्यात न ‘जर’ आहे, न फारसी, न संस्कृत, आणि कर्ता कोण ते स्पष्ट आहे.

सहकाऱ्याला आता काही लांबलचक खुलासा करू नका. त्याला तुमच्या उत्तरानं काही वाईट वाटलेलं नसणार; शोकातल्या माणसाच्या उत्तराची चिकित्सा कोणी करत नाही. कामावर परत जाल तेव्हा एवढंच लिहा: ‘थँक यू फॉर युअर काइंड मेसेज.’ आणि जमलं तर आजोबांबद्दल एक ओळ त्याला सांगा.